घरातील अडगळ

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की बहुतेक घरांत एकच गडबड उडते. माळ्याला शिडी लागते, पलंगाखालच्या ट्रंका बाहेर ओढल्या जातात, कपाटे रिकामी होतात आणि वर्षभर अंधारात पडून राहिलेल्या वस्तू एकाएकी उजेडात येतात. दांडा मोडलेली छत्री, झाकणे हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणे, बंद पडलेले घड्याळ, तीन पायांची खुर्ची, कोणत्या यंत्राची हे कोणालाच न आठवणारी वायर, मागील चार इयत्तांची पुस्तके, लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि पिशव्यांनी भरलेली पिशवी! हे सारे खोलीच्या मध्यभागी मांडले जाते. त्यावरची धूळ पुसली जाते. मग घरातील कोणीतरी एक वस्तू हाती घेऊन विचारते, "हिचे काय करायचे?" आणि दुसरे कोणीतरी उत्तर देते, "असू दे, लागेल कधीतरी." सायंकाळपर्यंत ती वस्तू पुन्हा माळ्यावर जाते आणि तिच्यामागून इतरही जातात.

दिवाळी होते. आठपंधरा दिवस घर लखलखीत दिसते. परंतु पुढे हळूहळू पूर्वीचीच स्थिती येते. खुर्चीवर कपडे साचतात, टेबलावर कागद साचतात आणि हवी ती वस्तू हव्या त्या वेळी सापडेनाशी होते. घरातील माणसे एकमेकांना दोष देतात. वास्तविक कोणी आळस केलेला नसतो. घर रोज झाडले जाते, रोज आवरले जाते, आणि तरीही ते नीटनेटके राहत नाही. असे का व्हावे?

आवरणे म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवणे. परंतु जिला घरात जागाच नाही, ती वस्तू आवरावी कशी? ती टेबलावरून उचलली तर कपाटावर जाईल, कपाटावरून काढली तर पलंगाखाली जाईल. तिची फक्त बदली होईल. घर नीटनेटके ठेवण्याचे रहस्य केवळ आवरण्यात नसून आवरण्याजोग्या वस्तू बेताच्या असण्यात आहे. म्हणून प्रथम आपण अडगळीचा विचार केला पाहिजे.

अडगळ आणि केरकचरा यांत भेद आहे. केराची कोणाला माया नसते. तो रोज गोळा होतो आणि रोज घराबाहेर जातो. अडगळीचे तसे नाही. ती एके काळी कोणीतरी पैसे देऊन आणलेली, कोणी प्रेमाने भेट दिलेली किंवा कोणी कष्टाने जपलेली वस्तू असते. तिचा आज उपयोग नसतो. पण तिला टाकवतही नाही. जी वापरात नाही, जिला ठरलेली जागा नाही आणि जिची कोणाला आठवणही होत नाही, ती अडगळ होय. एकच वस्तू एका घरात उपयुक्त आणि दुसऱ्या घरात अडगळ असू शकते. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी चिंध्यांची पेटी हे भांडवल असते. जेथे कोणी सुईत दोरासुद्धा ओवत नाही, तेथे तीच पेटी निव्वळ अडगळ असते.

अडगळ स्वस्थ पडून असते, म्हणून ती आपले काही घेत नाही असे आपल्याला वाटते. हा मोठा भ्रम आहे. ती तीन गोष्टी घेते : श्रम, जागा आणि आरोग्य.

प्रथम श्रमांचा हिशेब पाहू. समजा, दिवाणखान्यातील फळ्यांवर शोभेच्या आणि इतर अशा ३० वस्तू आहेत. फळी पुसायची तर प्रत्येक वस्तू उचलावी, पुसावी आणि परत ठेवावी लागते. एका वस्तूला अर्धा मिनिट धरला, तर ३० वस्तूंना १५ मिनिटे होतात. आठवड्यातून एकदाच हे काम केले, तरी वर्षाच्या ५२ आठवड्यांत १३ तास खर्ची पडतात. त्या ३० वस्तूंपैकी दहाच खरोखर आवडीच्या असतील, तर उरलेल्या वीस वस्तूंसाठी दर वर्षी आठ तासांहून अधिक वेळ जातो. हे तास कोणाचे? बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीचे, म्हणजे आईचे असतात. वस्तू सर्वांनी आणायच्या, "असू दे" असे सर्वांनी म्हणायचे आणि पुसत मात्र एकटीनेच बसायचे, हा न्याय नव्हे. आपण ठेवून घेतलेल्या प्रत्येक निरुपयोगी वस्तूचे ओझे कोणाच्या तरी हातांवर पडते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट जागेची. मुंबईत १९२०नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि आताचा ना. म. जोशी मार्ग या भागांत चाळी बांधल्या. बीडीडी चाळी या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. आता त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. परंतु सुमारे शंभर वर्षे हजारो कुटुंबांनी तेथे १६० चौरस फुटांच्या खोलीत संसार केले. अशा खोलीत चार फूट लांब आणि दोन फूट रुंद असे एक कपाट ठेवले, तर आठ चौरस फूट जागा जाते. म्हणजे घराचा विसावा हिस्सा! त्या कपाटात उपयोगाचे सामान असेल तर गोष्ट वेगळी. परंतु त्यात जुनी रद्दी आणि फुटके डबे असतील, तर घराचा विसावा हिस्सा आपण रद्दीला राहावयास दिला असे होईल. म्हणूनच चाळीतल्या खोलीत बिछाने सकाळी गुंडाळले जात, पाट भिंतीला टेकवून ठेवले जात, आणि एकच जागा दिवसा बैठकीची, दुपारी अभ्यासाची व रात्री निजण्याची होई. जागा थोडी असेल तर वस्तूंची निवड करावीच लागते. घर मोठे असले, की ही निवड आपण टाळतो. मोठ्या घरात अडगळ अधिक साचते, त्याचे कारण हेच. शिवाय जिन्यात आणि सज्जात ठेवलेले सामान केवळ आपलीच नव्हे, तर शेजाऱ्यांचीही वाट अडवते. एखादे वेळी आग लागलीच, तर त्याच वाटेने सर्वांना बाहेर पडावयाचे असते.

तिसरी गोष्ट आरोग्याची. जेथे माणसाचा हात फिरत नाही, तेथे इतर जीव वस्तीला येतात. कागदांच्या गठ्ठ्यांत कसर आणि वाळवी लागते, खोक्यांच्या मागे झुरळे वाढतात, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात उंदीर पिले घालतात. गच्चीवर किंवा अंगणात टाकलेली अडगळ त्याहूनही घातक ठरते. जुना टायर, फुटकी कुंडी, नारळाची करवंटी, उघडा डबा यांत पावसाचे पाणी साचते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच थोड्याशा स्वच्छ पाण्याजवळ, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास आठदहा दिवस पुरतात. नवल असे, की पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने कोरडी टिकून राहू शकतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांडे घासून पुसून पालथे घालावे लागते, आणि निरुपयोगी असेल तर घराबाहेर काढावे लागते.

येथे कोणी विचारील, की आपल्या आजी-पणजींच्या काळी अडगळ नव्हती काय? होती, परंतु तिला पुढची वाट होती. लुगडे जुने झाले, की ते घरातल्या घरात नेसले जाई. ते विरले, की त्याची गोधडी शिवली जाई किंवा तान्ह्या बाळासाठी दुपटी होत. गोधडी फाटली, की तिचे पायपुसणे होई आणि शेवटी उरलेल्या चिंधीचे पोतेरे. तांब्यापितळेचे भांडे फुटले, की ते तांबटाकडे जाई. त्याचे वजन होई, मोडीचा भाव मिळे आणि त्याच धातूतून पुन्हा नवे भांडे घडे. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आपण आज सहज वापरतो, त्यामागे हा व्यवहार आहे. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण आजही कोठे कोठे दारावर येते. खरकटे गुरांना जाई आणि पालापाचोळा उकिरड्यात कुजून शेताचे खत होई. तात्पर्य, वस्तू थोड्या होत्या, टिकाऊ होत्या आणि त्यांचा एक उपयोग संपला की दुसरा ठरलेला असे.

आज परिस्थिती पालटली आहे. वस्तू स्वस्त झाल्या, म्हणून त्या अधिक येतात. त्या लवकर मोडतात आणि त्यांची दुरुस्ती होत नाही. प्लास्टिकची फुटलेली बादली गोधडीसारखी शिवता येत नाही, की तांब्यासारखी घरोघरी मोडीत घालता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरीही कित्येक घरांत जुन्या पिशव्यांचे बोळे अजून दाराआड लोंबत असतात. वस्तू येण्याची वाट रुंद झाली आणि जाण्याची वाट अरुंद झाली, तर मध्ये गर्दी होणारच. ही गर्दी म्हणजेच आजची अडगळ होय.

मग "असू दे, लागेल कधीतरी" असे म्हणणाऱ्या वडील माणसांना आपण हसावे काय? मुळीच नाही. त्या शब्दांमागे अनुभव असतो. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. लाखो माणसे रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर खडी फोडीत होती. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी खाऊन कित्येक कुटुंबांनी दिवस काढले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांच्या हातून रिकामा डबा किंवा दोरीचा तुकडा सहजासहजी फेकला जात नाही. त्यांच्या दृष्टीने वस्तू टाकणे म्हणजे माजणे होय. ही काटकसरीची शिकवण मोलाची आहे आणि ती आपण घेतलीच पाहिजे.

परंतु काटकसर आणि साठवण या दोन गोष्टी एक नव्हेत. दोरीचा तुकडा जपून ठेवून त्याने पुढच्या आठवड्यात पुडके बांधणे ही काटकसर होय. दोरीचे शंभर तुकडे कोठेतरी ठेवून, गरज पडली तेव्हा ते न सापडल्यामुळे बाजारातून नवी दोरी आणणे ही साठवण होय. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' अशी गत अडगळीच्या घरात रोज होते. घरात तीन कात्र्या असून एकही सापडत नाही, म्हणून चौथी विकत घेतली जाते. ज्याने काटकसर करावी म्हणून वस्तू साठवल्या, त्याचाच पैसा अशा रीतीने वाया जातो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण येथे अगदी शब्दशः लागू पडते.

आता अडगळ काढावी कशी, ते पाहू. पहिला नियम असा, की सारे घर एकाच दिवशी उपसू नये. माणूस थकला, की त्याचा निर्णय डळमळतो आणि सर्व सामान होते तेथे परत जाते. एका रविवारी एकच खण किंवा एकच फळी घ्यावी. घरात असे वीस कप्पे असले, तरी वीस आठवड्यांत सारे घर हातावेगळे होते. दुसरा नियम, घेतलेला खण पूर्ण रिकामा करावा. खणात पाहून वस्तू निवडू गेल्यास नको असलेल्याच वस्तू डोळ्यांत भरतात आणि बाकीच्या तशाच राहतात. खण रिकामा केला, की प्रत्येक वस्तू परत ठेवण्यास काहीतरी कारण द्यावे लागते.

मग वस्तूंचे तीन ढीग करावेत : ठेवण्याच्या, देण्याच्या आणि टाकण्याच्या. ज्यांच्याविषयी मनाचा निश्चय होत नाही, त्या एका खोक्यात घालून खोक्यावर तारीख लिहावी. एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत ते खोके उघडण्याची गरज पडली नाही, तर उत्तर आपोआप मिळाले असे समजावे. ठेवण्याच्या वस्तूला लगेच जागा नेमून द्यावी, आणि ती शक्यतो तिच्या कामाच्या ठिकाणी असावी. कात्री शिवणाच्या पेटीत, छत्री दारापाशी, किल्ल्या खुंटीला. ही जागा घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असावी, म्हणजे प्रत्येक वेळी "आई, माझे अमुक कोठे आहे?" असा पुकारा करावा लागत नाही.

देण्याच्या वस्तूंविषयी विशेष काळजी घ्यावी. दुसऱ्याला द्यावयाचा कपडा धुतलेला, बटणे लावलेला आणि अंगावर घालण्याजोगा असावा. आपल्या घरातील अडगळ दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकणे याला दान म्हणत नाहीत. टाकण्याच्या वस्तूंतही निवड हवी. मुदत संपलेली औषधे, जुन्या बॅटऱ्या, फुटलेले दिवे, बंद पडलेले मोबाइल ही ओल्या केरात मिसळू नयेत. ती वेगळी ठेवून योग्य ठिकाणी द्यावीत. कागद, काच आणि लोखंड रद्दीवाल्याकडे किंवा भंगारवाल्याकडे गेले, तर त्यांचा पुन्हा उपयोग होतो. आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. आपल्या वस्तूंचा निर्णय आपण करावा. दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या परवानगीवाचून हात लावू नये. आपल्याला जो कागदाचा कपटा वाटतो, तो धाकट्या भावाचा खजिना असू शकतो.

आणि सगळेच जुने टाकाऊ असते, असे तर कधीच समजू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील कागद गोळा केले. त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे २२ खंड सिद्ध झाले. १९१० साली त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ज्या घरांनी आपल्या जवळची दप्तरे निरुपयोगी मानून जाळली किंवा विकली, त्यांच्याबरोबर इतिहासाची तितकी पाने कायमची नाहीशी झाली. दुसरे उदाहरण दिनकर केळकर यांचे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी जुने दिवे, अडकित्ते, दौती, पेट्या, भांडी, वाद्ये अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांतील कित्येक वस्तू लोकांनी अडगळ म्हणून बाजूस सारलेल्या होत्या. बालपणीच दिवंगत झालेल्या आपल्या मुलाच्या नावे त्यांनी पुण्यात उभारलेले राजा दिनकर केळकर संग्रहालय आज जगप्रसिद्ध आहे, आणि त्यात सुमारे २० हजार वस्तू आहेत.

वीस हजार वस्तू असूनही त्या संग्रहालयाला कोणी अडगळ म्हणत नाही. याचे कारण उघड आहे. तेथे प्रत्येक वस्तूला जागा आहे, नाव आहे आणि तिची निगा राखणारे कोणीतरी आहे. तोच अडकित्ता माळ्यावरच्या पोत्यात पडला असता, तर तो अडगळच ठरला असता. म्हणून कोणतीही वस्तू हाती घेतली, की तीन प्रश्न विचारावेत : हिचे काम काय? हिची जागा कोठे? हिची आठवण कोणाला आहे? तिन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तर ती वस्तू घरातून जाण्यास मोकळी आहे.

एका घरातील नात आपल्या आजीबरोबर माळा आवरीत होती. "आजी, हे टाकू का?" असे विचारण्याऐवजी ती प्रत्येक वस्तू घेऊन विचारू लागली, "आजी, हे कोणाचे गं?" पोत्याच्या तळाशी एक पितळी अडकित्ता निघाला. आजी तो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. "अगं, हा माझ्या आईचा," ती म्हणाली. "माहेरी ओसरीवर पाहुणे आले, की पानाच्या तबकात हा असायचा." आईचे नाव, गाव, ओसरी, तेथे येणारी माणसे, असे कितीतरी आजी सांगत गेली. नातीने अडकित्ता घासून लखलखीत केला, एका चिठ्ठीवर पणजीचे नाव व गाव लिहून ती त्याला बांधली आणि दिवाणखान्यातील फळीवर तो ठेवून दिला. इतकी वर्षे तो घरातच होता. पण त्या दिवशी तो प्रथम घरातील माणसांना भेटला.

मग आजीनेच पुढची वस्तू उचलली. ती दांडा मोडलेली छत्री होती. आजीने ती उघडण्याचा प्रयत्न केला, मिटली, क्षणभर विचार केला आणि हसून म्हणाली, "ही मात्र आता जाऊ दे."